बाप्तिस्मा आणि तारण : नारायण वामन टिळकांच्या ‘देवाच्या दरबारा’च्या संदर्भात

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे क्षेत्र परंपरेने विसोबा खेचर व नामदेव यांच्या भेटीशी जोडलेले आहे. कथा सर्वश्रुत आहे. विठ्ठल ज्यांच्याशी बोलतो अशी ख्याती असलेल्या नामदेवांना गोरोबाकाकांनी कच्चे मडके ठरविले, कारण त्यांना गुरू नव्हता. औंढ्यास विसोबांचा उपदेश झाल्यावर ते उणेपण सरले. प्रत्यक्ष देव लाभला असतानाही एखाद्या दीक्षेची गरज उरते काय, हा या कथेच्या पोटातील प्रश्न होय. ख्रिस्ती धर्मविचारात तोच प्रश्न बाप्तिस्म्याच्या रूपाने पुढे येतो. एक भेद मात्र आरंभीच ध्यानात घ्यावयास हवा. विसोबांच्या उपदेशामुळे नामदेव जातीला किंवा घराला अंतरले नाहीत. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात बाप्तिस्मा घेणारा उच्चवर्णीय मनुष्य या दोहोंस बहुधा एकाच दिवशी अंतरत असे.

या विधीविषयी नव्या करारातच दोन सूर आढळतात. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात पेत्र पश्चात्ताप, बाप्तिस्मा आणि पापक्षमा यांची एकत्र सांगड घालतो. पौलाच्या मते बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरून नव्या जीवनात उठणे. उलटपक्षी, कर्नेल्याच्या घरी पवित्र आत्मा आधी उतरतो व पाणी मागाहून येते. क्रुसावरील चोराला तर पाण्याचा थेंबही न लागता सुखलोकाचे आश्वासन मिळते. रोमन कॅथलिक मंडळीने ट्रेंटच्या परिषदेत 1547 साली बाप्तिस्मा तारणास आवश्यक ठरविला. तथापि त्याची मनापासून इच्छा धरणाऱ्यासाठी वाट मोकळी ठेवली. कॅल्व्हिनच्या परंपरेने तारण श्रद्धेवर सोपवून बाप्तिस्म्याकडे ईश्वरी कृपेचे चिन्ह व मुद्रा या दृष्टीने पाहिले. 1813 पासून मुंबईत व पुढे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) भागात कार्य करणारे अमेरिकन मराठी मिशन या दुसऱ्या परंपरेला जवळचे होते. तेव्हा बाप्तिस्म्यावाचून तारण नाही असा आग्रह त्यास तत्त्वतः धरता येत नव्हता. व्यवहारात मात्र बाप्तिस्म्यावाचून कोणी ख्रिस्ती गणला जात नसे.

याचे कारण धर्मशास्त्रापेक्षा जातिसंस्थेत अधिक सापडते. 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता, पण त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. न्यायालयाने त्या अल्पवयी मुलाला पित्याच्या स्वाधीन केले. आणि प्रायश्चित्त देऊन त्यास जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर पुढे येताच ब्राह्मणवर्गात मोठा वाद माजला. म्हणजे जातीच्या दृष्टीने रेषा पाण्यावर नव्हती, ती अन्नावर व सहवासावर होती. कायद्यालाही या परिणामांची दखल घ्यावी लागली. 1850 च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क राखला, तर 1866 च्या कायद्याने ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीस, जोडीदाराने त्या कारणास्तव सहवास नाकारल्यास, विवाहविच्छेद मागण्याची सोय केली. ज्या विधीचा अर्थ पापाला मरणे असा होता, तो अशा रीतीने वारसा आणि विवाह यांचा प्रश्न होऊन बसला.

विधी आणि श्रद्धा यांचा क्रम किती भिन्न असू शकतो, हे पंडिता रमाबाई व लक्ष्मीबाई टिळक यांच्या चरित्रांवरून दिसते. रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. परंतु त्या वेळी आपणास ख्रिस्ती धर्म लाभला, ख्रिस्त लाभला नव्हता, असा निर्वाळा त्यांनी 1907 मधील आत्मनिवेदनात दिला. लक्ष्मीबाईंचा क्रम याहून वेगळा. पतीच्या धर्मांतरानंतर काही वर्षे त्या त्यांच्यापासून दूर होत्या. पुढे एकत्र आल्यावरही सोवळे कटाक्षाने पाळीत. जात देवाने केली की माणसाने, या विचाराने त्यांचे सोवळे सुटले. कोणाच्याही हातचे पाणी त्या पिऊ लागल्या, आणि बाप्तिस्मा त्यानंतर आला.

नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे 1904 मध्ये त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे आले. असा मिशनच्या अंतरंगातील मनुष्य सप्टेंबर 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून संन्यासी होतो आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन करतो, ही घटना केवळ स्वदेशाभिमानाच्या खाती टाकता येणार नाही. दरबारात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोन्ही ख्रिस्तशिष्य बंधू म्हणून यावेत, अशी त्यांची योजना होती. टिळकांनी बाप्तिस्मा नाकारला, असा याचा अर्थ लावणे चुकीचे होईल. आपला बाप्तिस्मा त्यांनी कधी टाकला नाही. त्यांनी शिष्यत्व आणि मंडळीचे सभासदत्व यांची फारकत केली, इतकेच. वारकरी संतांच्या वाणीवर पोसलेल्या या कवीस भक्तीच्या मेळ्याला सभासदांची वही लागत नाही, हे ठाऊक होते.

या योजनेवर एक आक्षेप सहज संभवतो व तो हलका नाही. बाप्तिस्म्याने जातीशी संबंध तुटत असे. तो न घेतलेला शिष्य प्रार्थनेस एकत्र बसून जेवणास वेगळा बसला, तर बंधुत्वाचे काय? अस्पृश्य समाजातून आलेल्या ख्रिस्ती जनांना हा प्रश्न विशेष बोचणारा होता, कारण त्यांच्या दृष्टीने बाप्तिस्मा ही समान पंगतीची ग्वाही होती. लक्ष्मीबाईंनी तर बाप्तिस्म्याआधीच सोवळे सोडले होते. तेव्हा हे तुटणे पाण्यावरच अवलंबून असते असे नाही. पण असे उदाहरण विरळा. दरबाराला हा प्रश्न पुरता सोडविण्यास अवधीच मिळाला नाही. स्थापनेनंतर अवघ्या वीस महिन्यांच्या आसपास, 9 मे 1919 रोजी, टिळक मुंबईत निवर्तले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे दफन न करता दहन करण्यात आले.