माणसाची पायरी आणि कारभाराचें साधन

एक किल्ली सर्व कुलपांस लागत नाहीं, हें घरांतल्या लहान मुलासहि ठाऊक असतें. हजारों माणसांकडून काम करवून घेणाऱ्या कारखानदारांस मात्र तें उमजावयास पुष्कळ काळ लागला. या उमजण्याचा अमेरिकेंतील इतिहास मोठा उद्‌बोधक आहे.

इ. स. १८९९ च्या सुमारास बेथलेहेम येथील पोलादाच्या कारखान्यांत फ्रेडरिक टेलर या इंजिनियरानें बिडाच्या लगडी गाडींत भरणाऱ्या मजुरांचें काम घड्याळ लावून मोजलें. दिवसाकाठीं साडेबारा टन भरणारा मजूर, सांगितल्या क्षणीं उचलावें व सांगितल्या क्षणीं विसावा घ्यावा या शिस्तीनें सत्तेचाळीस टन भरूं लागला, आणि त्याची मजुरी १ डॉलर १५ सेंटांवरून १ डॉलर ८५ सेंटांवर गेली, असें टेलरनें १९११ सालच्या आपल्या ग्रंथांत नमूद केलें आहे. या आंकड्यांविषयीं पुढील संशोधकांनीं शंका घेतल्या. तथापि घड्याळ, शिस्त आणि वाढीव मजुरी ही त्रयी जगभर पसरली. परंतु त्याच १९११ सालीं वॉटरटाऊन येथील सरकारी शस्त्रागारांत, कोणी घड्याळ घेऊन शेजारीं उभें राहावें हें ओतारी कारागिरांस साहवलें नाहीं. त्यांनीं काम बंद पाडलें. किल्ली तीच होती, पण कुलूप निराळें होतें.

असें कां व्हावें, याचा एक उलगडा १९४३ सालीं अब्राहम मॅस्लो या मानसशास्त्रज्ञानें केला. मनुष्याच्या गरजा पायरीपायरीनें जाग्या होतात. आधीं अन्नपाणी, मग सुरक्षितता, मग आपुलकी, मग मान, आणि अखेरीस अंगच्या गुणांचा पूर्ण विकास. खालची गरज बऱ्याच अंशीं भागली म्हणजे वरची डोकें वर काढते, आणि भागलेल्या गरजेचें आमिष मग फारसें उपयोगी पडत नाहीं.

हा विचार कॅलिफोर्नियांतील डेल मार येथें अँड्र्यू के या कारखानदारानें प्रत्यक्षांत उतरविला. त्याचा ‘नॉन-लिनिअर सिस्टिम्स’ हा कारखाना विजेचा दाब अंकांत दाखविणारीं मापनयंत्रें बनवीत असे. १९६० सालीं त्यानें कामाची सरकती रांग मोडली व हजेरीचें घड्याळ काढून टाकलें. लहान लहान गटांनीं एकेक यंत्र आरंभापासून शेवटपर्यंत आपल्या रीतीनें जुळवावें, असें ठरलें. १९६२ च्या उन्हाळ्यांत मॅस्लो स्वतः तेथें जाऊन राहिला. आपल्या सिद्धान्ताचें एवढें कौतुक पाहून एखादा हुरळून गेला असता. मॅस्लो उलट सावध झाला. त्यानें टिपून ठेविलें कीं, ही उदार पद्धति ज्यांच्या खालच्या गरजा भागल्या आहेत अशा निकोप मनाच्या माणसांसाठीं व बऱ्या दिवसांसाठीं आहे. सर्व माणसें व सर्व काळ तसे नसतात. हीं टिपणें १९६५ सालीं ग्रंथरूपानें निघालीं.

योगायोग असा कीं, त्याच १९६५ सालीं तो प्रयोग आवरता घ्यावा लागला. विक्री घटली होती, वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हातीं प्रत्यक्ष कारभार फारसा उरला नव्हता, आणि संकटसमयीं तत्काळ निर्णय कोणी घ्यावा हा प्रश्न उभा राहिला. के यानें पुन्हां जुन्या वाटेचा आश्रय केला. यावरून ती पद्धति खोटी होती असें ठरत नाहीं. माणसें तींच होतीं; परंतु पायाखालची जमीन हलली म्हणजे मानाची चिंता मागें पडून चरितार्थाची चिंता पुढें येते.

हेंच सूत्र पुढें स्केनेक्टॅडी येथील युनियन कॉलेजांतील प्राध्यापक क्लेअर ग्रेव्हज यानें धरलें. मनाच्या विकासाच्या निरनिराळ्या अवस्था असतात, आणि कामाचा दर्जा घसरतो तो बहुधा कामगाराच्या अवस्थेशीं न जुळणारा कारभार त्याच्यावर लादल्यामुळें, असें त्यानें १९६६ सालीं प्रतिपादन केलें. ज्यास स्पष्ट आज्ञेचा आधार हवा त्यास मोकळें सोडलें तर तो गोंधळतो. ज्यास मोकळीक हवी त्यास आज्ञांनीं जखडलें तर तो हात आंखडता घेतो. शिवाय परिस्थिति पालटली तर मनुष्य वर चढतो तसा खालींहि उतरतो, हेंहि त्यानें बजावलें.

आपल्याकडे अधिकारभेदाचा विचार जुना आहे, आणि त्याचा विपर्यासहि जुना आहे. साधकास साजेल असें साधन द्यावें हा त्याचा हेतु. पण ‘तुझा अधिकार एवढाच’ असें म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कित्येकांस दाराबाहेर उभें केलें गेलें. पायऱ्यांच्या या नव्या शास्त्रासहि तोच धोका आहे. कोणता मनुष्य आज कोणत्या पायरीवर उभा आहे हें पाहून साधन निवडणें हें शहाणपण होय. त्या पायरीवरच त्याचें नांव कोरून ठेवणें हा अन्याय होय. जिना चढण्याउतरण्यासाठीं असतो, माणसांची प्रतवारी लावण्यासाठीं नव्हे.