चारित्र्य कुणाचं तपासायचं?

लैंगिक गुन्ह्यात शिक्षा भोगून बाहेर आलेला माणूस पुन्हा तसं करील का, हे कोर्टाने कसं ओळखायचं? न्यूयॉर्क राज्यात १९९६ पासून त्यासाठी कायदा आहे. सुटकेच्या वेळी न्यायाधीश सुनावणी घेतात. समोर गुणांचा तक्ता असतो: हत्यार वापरलं का, पीडित किती, त्यांचं वय काय, आधीचे गुन्हे, दारूचं व्यसन. ११० गुण झाले की तिसरी, म्हणजे सर्वांत धोक्याची पातळी. त्या माणसाला वकील मिळतो, अपीलही करता येतं. तक्त्यात चुका असतील, पण तपासला जातो तो गुन्हेगार.

आमच्या भागात उलटं घडलं होतं. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका गरीब आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर झाला. गडचिरोली तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातच होतं. १९७४ मध्ये चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने मुलीलाच खोटारडी ठरवून दोघांना सोडलं. नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हे त्या न्यायमूर्तींना कळलं होतं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षाही रद्द केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, मग जबरदस्ती कुठली? ठाण्यात पोलिसांसमोर चौदा-सोळा वर्षांच्या पोरीने ओरडायचं तरी कुणाला ऐकू जावं म्हणून?

याचं मूळ १८७२ च्या पुरावा कायद्यात होतं. कलम ५४ नुसार आरोपीचं वाईट चारित्र्य सहसा पुरावा म्हणून आणता येत नसे, आणि ते योग्यच होतं. पण कलम १५५(४) नुसार तक्रारदार बाई बदचलन आहे असं दाखवून तिची साक्ष पाडता येई. एकाच कायद्यात दोन मापं!

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले, १९८३ मध्ये कायदा बदलला. १५५(४) मात्र २००२ च्या दुरुस्तीपर्यंत टिकलं.

२० सप्टेंबर २०१८ पासून आपल्याकडेही लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही आहे. सुरुवातीलाच ४.४ लाख नोंदी होत्या. ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते. न्यूयॉर्कसारखी प्रत्येकाच्या धोक्याची सुनावणी कोर्टात होत नाही. मुलीच्या शरीराची 'टू फिंगर' तपासणी मात्र चालूच राहिली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती चूक ठरवली, तरी ३१ ऑक्टोबर २०२२ ला त्याच न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की अशी तपासणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल.