ओहाला!

‘यंदा तू नक्की पास होशील,’ असं कुणी म्हटलं, की स्पॅनिश माणूस एका शब्दात उत्तर देतो: ‘ओहाला!’ म्हणजे, तसंच होवो.

या शब्दाची खरी श्रीमंती मागून येणाऱ्या क्रियापदात आहे. ‘ओहाला युएबा’ म्हणजे पाऊस पडो. ‘ओहाला योबिएरा’ म्हणजे पडला तर किती बरं होईल. इथे आशा पातळ झालेली असते. ‘ओहाला उबिएरा योबिदो’ म्हणजे पडायला हवा होता हो! आता फक्त हळहळ उरली.

शब्द मूळचा अरबी. ७११ साली मुस्लिम सैन्य आयबेरियात, म्हणजे आजच्या स्पेन-पोर्तुगालच्या भूमीत उतरलं, १४९२ मध्ये तिथलं शेवटचं मुस्लिम राज्य ग्रॅनाडा पडलं. मधल्या शतकांत तिथल्या अरबी बोलीतलं ‘लौ शा ल्लाह’, म्हणजे ‘देवाची इच्छा असेल तर’, स्पॅनिशमध्ये मुरलं. अनेकजण त्याला ‘इन्शाल्ला’चंच रूप समजतात, पण ‘इन’ आणि ‘लौ’ हे दोन वेगळे शब्द आहेत. मुळातला ‘श’ पोर्तुगीजांच्या ‘ओशाला’त आजही ऐकू येतो, स्पॅनिशमध्ये तो घशात उतरला.

आज कट्टर कॅथलिक घरातही ‘ओहाला’ सहज उच्चारला जातो. स्पॅनिश शिकणाऱ्यांनी हा शब्द एकटा पाठ करू नये. तिन्ही वाक्यं मोठ्याने म्हणून पाहावीत.