सोड्याची जुनी मशीन घेताना: आधी पाणी, मग दाब, शेवटी भाव

अमरावती-अकोल्यात थंड पेयाला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्यात लग्नसराई, उर्स आणि बाजाराचे दिवस असतातच. म्हणून दोन-तीन भावांनी मिळून सोड्याचा छोटा कारखाना टाकावा, असा विचार बऱ्याच घरांत होतो. नवी मशीन परवडत नाही, व्याजाचं कर्ज नको असतं, मग नजर जुन्या मशीनकडे वळते. विचार वावगा नाही. पण या एका सौद्यात घरची सगळी पुंजी अडकते. म्हणून पैसे देण्याआधी काय काय बघायचं, ते इथे क्रमाने दिलं आहे.

धंदा जुना, स्पर्धा नवी

गोटी सोड्याची बाटली हिरम कॉड या इंग्रज इंजिनिअरच्या नावावर आहे. तिचं पेटंट १८७२ चं. वायूच्या दाबाने काचेची गोटी बाटलीच्या तोंडाशी घट्ट बसते आणि झाकणाची गरज राहत नाही. मुंबईत ड्यूक्स १८८९ मध्ये सुरू झाली. १९७७ मध्ये कोका-कोला भारतातून गेली आणि १९९३ मध्ये परत आली. २०२३ मध्ये रिलायन्सने कॅम्पा पुन्हा बाजारात आणली, २०० मिलीची बाटली १० रुपयांना. छोट्या कारखान्याला आज याच भावाशी झुंजायचं आहे. एखादा प्लांट बंद पडतो, एखादा मोठी लाइन टाकतो, आणि जुनी मशीन विक्रीला येते. मालक ती का विकतोय, हा पहिला प्रश्न विचारा.

आधी पाणी तपासा

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आपल्याला नवा नाही. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या भागांत बोअरचं पाणी खारं निघतं. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. पेयासाठी क्षारांइतकीच अल्कता महत्त्वाची. ती जास्त असली की लिंबाचा किंवा सायट्रिक आम्लाचा आंबटपणा मारला जातो आणि चव सपक होते. म्हणून मशीन बघायला जाण्याआधी आपल्या जागेचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. कोणता आरओ लागेल, तो किती पाणी फेकेल, हे त्या अहवालावरून ठरतं. मशीन बदलता येते, बोअर बदलता येत नाही.

चिलरशिवाय गॅस धरत नाही

पाणी जितकं थंड, तितका कार्बन डायऑक्साइड त्यात जास्त विरघळतो. ४ अंशांच्या पाण्यात जेवढा गॅस मावतो, त्याचा साधारण तिसरा हिस्साच ४० अंशांच्या पाण्यात मावतो. विक्रेता फक्त कार्बोनेटर आणि फिलर दाखवून “पूर्ण सेट” म्हणत असेल, तर चिलर कुठे आहे ते विचारा. चिलर नसेल तर बाटली भरताना नुसता फेस येईल आणि गिऱ्हाईकाच्या हातात मिळमिळीत पाणी पडेल.

हाच नियम बाटलीलाही लागू आहे. थंड भरलेली बाटली उन्हात ४० अंशांच्या पुढे तापली, की आतला दाब साधारण तिप्पट होतो. प्लास्टिकची बाटली फुगते, तडा गेलेली काच फुटते. माल सावलीत ठेवायची जागा आधी ठरवा.

दाबाची भांडी: इथे काटकसर नको

कार्बोनेटर म्हणजे दाबाखालची टाकी. तिच्यावर कंपनीची पाटी हवी: बनवल्याचं वर्ष, नंबर आणि चालवण्याचा दाब. पाटी खरवडलेली असेल तर ती टाकी घेऊ नका. टाकीची चाचणी पाणी भरून, चालवण्याच्या दाबाच्या दीडपट दाबावर, जाणकाराकडून करून घ्या. हवा भरून चाचणी करू देऊ नका. दाबलेल्या हवेत ताकद साठलेली असते आणि टाकी फुटली तर माणूस जातो. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि प्रेशर गेज नवेच बसवा.

गॅसचे सिलिंडर जुन्या सेटसोबत आले तर त्यांवरची चाचणीची तारीख वाचा. पाच वर्षं उलटून गेली असतील तर ते भरायचे नाहीत. या सिलिंडरांचे नियम राबवणाऱ्या पेसो संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. सिलिंडर उन्हात उभा करू नका. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रव राहत नाही, आणि वऱ्हाडच्या उन्हात भरलेल्या सिलिंडरमधला दाब १०० बारच्या पुढे जातो. गॅस पेयासाठीचा, म्हणजे फूड ग्रेडच घ्या.

बघायला जाताना

मशीन चालू असतानाच बघा, तेही पाणी, गॅस आणि बाटल्या लावून. रिकामी फिरणारी मशीन काहीच सांगत नाही. निदान तासभर चालवायला लावा, भरलेल्या बाटल्या मोजा आणि लेव्हल एकसारखी येते का ते बघा.

पेयाला लागणारा भाग स्टीलचा असतो, पण स्टील-स्टीलमध्ये फरक आहे. लोहचुंबक लावून ३०४ स्टील ओळखतो असं सांगणारे भेटतील. हलकं २०२ स्टीलसुद्धा चुंबकाला धरत नाही, त्यामुळे त्या परीक्षेला अर्थ नाही. तपासणी रसायनाने किंवा प्रयोगशाळेत होते.

बाटलीच्या तोंडाचं माप विचारा. २८ मिमीच्या झाकणातही १८१० आणि १८८१ अशा दोन जाती आहेत, एकीचं झाकण दुसरीवर नीट बसत नाही. मशीन जुन्या मालकाच्या बाटलीसाठी बनवलेली असते. आपली बाटली वेगळी असेल तर तिच्या मापाचे स्टार व्हील आणि इतर भाग वेगळे करून घ्यावे लागतात. त्यांचा खर्च आधी विचारा. पीएलसीला पासवर्ड असेल तर तो लेखी घ्या.

सौदा आणि कागद

मशीन बँकेकडे तारण असू शकते. तसं असेल तर बँकेचं ना हरकत पत्र घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. पक्कं बिल घ्या, त्यात प्रत्येक भागाचं नाव आणि नंबर लिहून घ्या. गुजरात किंवा मध्य प्रदेशातून माल आणायचा असेल तर ५० हजारांच्या वरच्या मालाला ई-वे बिल लागतं. थोडी रक्कम आपल्या जागेवर मशीन चालू होईपर्यंत राखून ठेवा आणि तसं करारात लिहा. भागीदारी भावाभावांची असली तरी हिस्सा, मेहनत आणि तोटा कागदावर असू द्या.

उतरवणं आणि बसवणं

सुटी करण्याआधी प्रत्येक बाजूचे फोटो आणि व्हिडिओ काढा, वायर आणि पाइपला नंबरच्या चिठ्ठ्या बांधा. जागेवर जमिनीला नाल्याकडे उतार हवा, पण मशीन मात्र लेव्हलमध्येच उभी राहिली पाहिजे. थ्री फेज वीज आणि पुरेसा लोड महावितरणकडून आधीच मंजूर करून घ्या. सगळे रबर सील बदला. जुन्या सीलमध्ये आधीच्या पेयाचा वास मुरलेला असतो.

धुताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. टाकीत कार्बन डायऑक्साइड असताना कॉस्टिक सोड्याचं पाणी आत सोडू नका. कॉस्टिक तो गॅस शोषून घेतं, आत निर्वात पोकळी होते आणि टाकी आत दबते. आधी गॅस पूर्ण काढा, झाकण उघडा, मगच धुवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि त्याला वास नसतो. तो खाली साचतो, म्हणून खोलीला जमिनीलगत झरोके किंवा पंखा हवा.

परवाने आणि कर

एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि वजनमाप विभागाची पॅकर नोंदणी करून घ्या. दुसऱ्या कंपनीचं नाव कोरलेल्या काचेच्या बाटल्या भरू नका. इसेन्स कोणत्या द्रावणात बनवला आहे, अल्कोहोलमध्ये की प्रोपिलीन ग्लायकोलमध्ये, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या. आपली गिऱ्हाइकं विचारतात.

२२ सप्टेंबर २०२५ पासून साखर किंवा चव घातलेल्या सोड्याच्या पेयावर ४० टक्के जीएसटी आहे. त्यात फळाचा रस असला तरी सूट नाही. बिनसाखरेच्या, बिनचवीच्या साध्या सोड्यावर ५ टक्के आहे. गोड सोडा बनवणाऱ्याला कंपोझिशन योजना मिळत नाही.

एका दिवसाचा हिशेब

मिनिटाला ४० बाटल्या, दिवसाला ६ तास: १४,४०० बाटल्या. २५० मिलीच्या हिशेबाने ३,६०० लिटर पेय. आरओ निम्मं पाणी फेकत असेल तर ७,२०० लिटर कच्चं पाणी, धुण्याचं वेगळं. लिटरला ८ ग्रॅम धरला तर २९ किलो गॅस, गळती सोडून. लिटरला १०० ग्रॅम धरली तर ३६० किलो साखर. गिऱ्हाईकाने दिलेल्या १० रुपयांतले २ रुपये ८६ पैसे कराचे. उरलेल्या ७ रुपये १४ पैशांत बाटली, झाकण, साखर, वीज, मजुरी, गाडीभाडं आणि दुकानदाराचा हिस्सा बसवायचा आहे.

मशीनचा भाव या हिशेबात कुठेच आलेला नाही, हे लक्षात घ्या. आणखी एक: रमज़ान दरवर्षी १०-११ दिवस मागे सरकतो. २०३० मध्ये तो जानेवारीत येईल आणि डिसेंबरअखेर पुन्हा सुरू होईल, दोन्ही वेळा थंडीत. इफ्तारीच्या खपावर मांडलेलं गणित पुढची काही वर्षं जुळणार नाही. उन्हाळ्याचे चार महिने धरूनच मशीनचा आकार ठरवा.