रिटर्न करताना फोटो कशासाठी मागतात? आणि कसा काढला तर तक्रार टिकते?

मिक्सर मागवला, पार्सल आलं, आणि भांड्याला तडा. ॲप उघडून 'रिटर्न' दाबलं, कारण निवडलं, की पुढच्या स्क्रीनवर कॅमेऱ्याचं चिन्ह येतं: 'वस्तूचे फोटो अपलोड करा'. पैसे घेताना पुरावा मागितला नव्हता, मग परत देताना कशाला, असं म्हणून अनेक जण इथेच वैतागतात. काही जण अंधारात कसातरी एक फोटो काढून पाठवतात आणि दोन दिवसांनी 'विनंती नाकारली' असा मेसेज येतो.

हा फोटो कोण बघतं, त्यावरून काय ठरतं आणि तो नसेल तर दुकानदार पैसे नाकारू शकतो का, हे समजून घेऊया.

फोटोवरून काय ठरतं?

प्रत्येक रिटर्नला फोटो लागत नाही. 'साइज बसत नाही' किंवा 'आता नको आहे' असं कारण निवडलं तर बहुतेक दुकानं फोटो मागत नाहीत. कारण तिथे वाद नसतो, वस्तू परत येते आणि पुन्हा विकली जाते. 'तुटलेली आली', 'वेगळीच वस्तू आली', 'एक भाग कमी आहे' ही कारणं निवडली की कॅमेरा पुढे येतो. कारण इथे नुकसान कुणाच्या तरी खात्यावर टाकायचं असतं.

मोठ्या प्लॅटफॉर्मवर विकणारा वेगळा असतो, प्लॅटफॉर्म वेगळा आणि पोहोचवणारी कुरिअर कंपनीही अनेकदा तिसरीच. बाहेरचा खोका एका कोपऱ्यात चेपलेला आणि आतलं भांडं फुटलेलं, असा फोटो असेल तर संशय वाहतुकीवर जातो. खोका धडधाकट आणि आतली वस्तू फुटलेली असेल तर पॅकिंग खराब होतं किंवा वस्तू निघतानाच फुटकी होती. म्हणून फक्त फुटलेल्या भांड्याचा फोटो पाठवून खोका रद्दीत टाकणं ग्राहकाच्या फायद्याचं नसतं.

आलेले फोटो आधी सॉफ्टवेअर चाळतं, असं आता सर्रास होतं. फोटो धूसर आहे का, त्यात ऑर्डर केलेली वस्तू दिसते का, एवढं तपासून शंकास्पद विनंत्या माणसाकडे जातात. मंजुरी मिळाली तरी काम संपत नाही. पार्सल न्यायला येणारी व्यक्ती दारात वस्तू पडताळते आणि गोदामात पुन्हा एकदा तपासणी होऊ शकते. फोटोत एक आणि हातात दुसरं असं झालं की पैसे अडकतात.

वस्तू स्वस्त असेल तर उलटही घडतं. दोनशे रुपयांचा कप परत न्यायचा खर्च कपापेक्षा जास्त होऊ शकतो. अशा वेळी दुकान फोटो बघून पैसे परत करतं आणि वस्तू 'तुमच्याकडेच ठेवा' म्हणतं.

मग फोटो काढायचा कसा?

सुरुवात पार्सल उघडण्याआधी करावी. पत्त्याचं लेबल दिसेल असा बंद खोक्याचा एक फोटो, मग वस्तू पूर्ण दिसेल असा एक, आणि त्यानंतर दोषाचा जवळून. नुसताच जवळचा फोटो पाठवला तर ती चीर कोणत्या वस्तूवर आहे हेच समोरच्याला कळत नाही. वेगळीच वस्तू आली असेल तर वस्तू, बिल आणि पार्सलचं लेबल एकाच चौकटीत घ्यावं. इलेक्ट्रॉनिक वस्तूवरचा सीरियल नंबर आणि पाकिटावरची छापील माहिती यांचाही फोटो हवाच. एमआरपी आणि उत्पादकाचं नाव-पत्ता पाकिटावर छापणं वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. ते तिथे नसेल तर तीच एक वेगळी तक्रार होते.

कपड्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त भांडण रंगावरून होतं. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत मोरपंखी साडी हिरवट दिसते आणि दुकानदार म्हणतो, 'फोटोत तर बरोबरच दिसतेय'. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, शेजारी पांढरा कागद ठेवून फोटो काढला तर रंगाचा फरक बऱ्यापैकी पकडता येतो. तरीही स्क्रीनवरचा रंग आणि कापडाचा रंग तंतोतंत जुळेल अशी अपेक्षा धरू नये.

पैठणीचं उदाहरण घ्या. हातमागाची म्हणून मागवली आणि यंत्रमागाची आली, तर समोरून काढलेल्या सुंदर फोटोचा काही उपयोग नाही. फोटो पदराच्या उलट्या बाजूचा हवा. येवल्याच्या किंवा पैठणच्या हातमागावर विणलेल्या पैठणीत रंगीत धागे एकमेकांत अडकवलेले असतात, त्यामुळे नक्षी मागूनही जवळपास तशीच स्वच्छ दिसते. यंत्रावरच्या जॅकार्ड नकलेत मागच्या बाजूला सुटे किंवा कापलेले धागे दिसतात. रेशीम अस्सल आहे का हे मात्र फोटोतून ठरत नाही. त्यासाठी सिल्क मार्कचं लेबल साडीला आहे की नाही, याचा फोटो कामी येतो.

फोटोत दिसतच नाही, त्याचं काय?

इअरफोनची एक बाजू बंद असते. पिठाला कुबट वास येतो. फोनची बॅटरी दुपारपर्यंतच टिकते. या दोषांचा फोटो कसा काढणार? तरीही काही दुकानांचे फॉर्म असे असतात की फोटो जोडल्याशिवाय 'पुढे जा' हे बटण चालूच होत नाही. मग ग्राहक धडधाकट दिसणाऱ्या इअरफोनचा फोटो जोडतो आणि तपासणारा 'दोष आढळला नाही' म्हणून विनंती फेटाळतो. हा दोष फॉर्म बनवणाऱ्याचा आहे.

ज्यांचं स्वतःचं छोटं ऑनलाइन दुकान आहे, त्यांनी हे आधी बघावं. फोटोची सक्ती फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या दोषांपुरती ठेवावी, बाकी कारणांना लिहायला जागा किंवा छोटा व्हिडिओ जोडण्याची सोय द्यावी. आयफोनचे फोटो अनेकदा एचईआयसी या प्रकारात साठवले जातात, आणि फक्त जेपीजी घेणारा फॉर्म ते कारण न सांगता नाकारतो. नेटवर्क कमी असलेल्या गावात चार मोठे फोटो चढतच नाहीत, म्हणून फोटो लहान करून घेण्याचं काम साइटनेच करावं. आणि दृष्टिहीन ग्राहकाने किंवा स्मार्टफोन न सरावलेल्या आजोबांनी काय करायचं? त्यांच्यासाठी फोन नंबर हवा.

'अनबॉक्सिंग व्हिडिओ नसेल तर रिटर्न नाही', हे चालतं का?

इन्स्टाग्रामवरून साड्या आणि दागिने विकणाऱ्यांच्या पेजवर ही ओळ हमखास दिसते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २३ जुलै २०२० रोजी अधिसूचित झाले. या नियमांनुसार वस्तू सदोष किंवा बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल किंवा ठरलेल्या मुदतीनंतर आली असेल, तर विक्रेत्याला ती परत घेणं किंवा पैसे परत देणं नाकारता येत नाही. उशीर आवाक्याबाहेरच्या संकटामुळे झाला असेल तर त्याला अपवाद आहे. अनबॉक्सिंग व्हिडिओची अट या नियमांत कुठेही नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तर सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानतो. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते.

याचा अर्थ पुरावा मागणंच बेकायदा आहे, असा नाही. वस्तू सदोष होती हे कधीतरी दाखवावं लागतंच आणि व्हिडिओ त्यासाठी चांगला आधार असतो. पण 'व्हिडिओ नाही, म्हणून बाकी काहीच ऐकणार नाही' ही भूमिका टिकणं अवघड आहे. घरातली जुनी वस्तू एखाद्या वेळी विकणाऱ्या व्यक्तीला हे नियम लागू होत नाहीत. नियमित धंदा म्हणून विकणाऱ्याला, मग तो घरातून का करेना, लागू होतात.

खोट्या फोटोंची अडचण

विक्रेत्यांची बाजूही आहे. इंटरनेटवरून उचललेला फुटक्या वस्तूचा फोटो पाठवणं जुनं झालं. आता एआयला सांगितलं की चांगल्या कपावर हुबेहूब तडा काढून मिळतो. म्हणून काही ॲप गॅलरीतला फोटो न घेता तिथल्या तिथे कॅमेरा उघडायला लावतात. फोटो कुठून आला, त्यात काय बदल झाले याची नोंद फाइलमध्येच ठेवणारं सी२पीए नावाचं मानकही तयार झालं आहे. ॲडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी अशा संस्थांनी २०२१ मध्ये त्याची सुरुवात केली.

फोनने काढलेल्या फोटोत तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर जागाही साठवलेली असते. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातली ही माहिती निघून जाते. त्यामुळे विक्रेत्याला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला म्हणून गॅलरीतली मूळ फाइल पुसू नये. उलट, अनोळखी दुकानाला फोटो पाठवताना घराचं लोकेशन जाऊ नये असं वाटत असेल तर ते कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून बंद करता येतं.

प्रकरण पुढे गेलं तर

रिटर्न नाकारलं गेलं तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहावं. त्याने ४८ तासांत पोच देणं आणि महिन्याभरात तक्रार सोडवणं बंधनकारक आहे. प्लॅटफॉर्मने प्रत्येक तक्रारीला नंबर द्यायचा असतो. तो आणि अपलोड केलेल्या फोटोंचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा, कारण विनंती बंद झाल्यावर फोटो ॲपमध्ये दिसतीलच याची खात्री नसते. त्यानंतर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

शेवटचा टप्पा जिल्हा ग्राहक आयोगाचा. तक्रार घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. आयोग प्रतिज्ञापत्र आणि कागदपत्रांवर निकाल देतो, म्हणून इथे फोटोला वजन येतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडण्याची तरतूद आहे. जुन्या कायद्यात हेच कलम ६५ब होतं. त्यावरचा महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्याच एका वादातून आला. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून गेलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं, की मूळ उपकरणच हजर केलं तर प्रमाणपत्र लागत नाही, प्रत दिली तर लागतं. ग्राहक आयोगाची पद्धत न्यायालयापेक्षा सोपी असली, तरी समोरच्या वकिलाने फोटोवर हरकत घेतली तर ज्या फोनने तो काढला तो फोन आणि त्यातली मूळ फाइल हाताशी असलेली बरी. जुना फोन एक्स्चेंजमध्ये देण्याआधी एवढं तपासून घ्यावं.