खोटे नाणे आणि गल्ल्यावरचा माणूस

'खणखणीत नाणे', 'कसाला उतरणे', 'बट्टा लागणे', 'पारखून घेणे' हे शब्दप्रयोग आपण माणसांबद्दल सहज वापरतो. हुशार, सचोटीचा विद्यार्थी आपल्या दृष्टीने खणखणीत नाणे असतो. अडचणीच्या वेळी टिकून राहिलेला मित्र कसाला उतरतो. एखाद्या गैरकृत्याने घराण्याच्या नावाला बट्टा लागतो. हे सारे शब्द एकाच ठिकाणाहून आपल्या बोलण्यात आले आहेत. समोरच्याने पुढे केलेले नाणे खरे की खोटे, हे जिथे ठरवले जाई, त्या सराफाच्या पेढीवरून आणि दुकानाच्या गल्ल्यावरून.

गिऱ्हाइकाने दुकानदाराला फसवण्याचे प्रकार पुष्कळ आहेत, पण त्यांत सर्वांत जुना प्रकार म्हणजे खोटे नाणे खपवणे. त्याचा इतिहास सहसा राजांचा आणि टांकसाळींचा इतिहास म्हणून सांगितला जातो. या लेखात आपण तो गल्ल्याच्या आतल्या बाजूने पाहू या. तिथे बसलेल्या माणसाजवळ प्रयोगशाळा नसते. हातात वेळ असतो तो काही सेकंदांचा. पुढे रांग असते आणि ज्याच्या नाण्याची परीक्षा करायची तो माणूस समोरच उभा असतो.

चुका दोन, दंड एक

कोणत्याही परीक्षेत दोन प्रकारच्या चुका संभवतात. खोटे असलेले खरे मानणे ही एक, आणि खरे असलेले खोटे ठरवणे ही दुसरी. पहिल्या चुकीत दुकानाचे पैसे बुडतात. दुसऱ्या चुकीत प्रामाणिक माणसाचा चारचौघांत अपमान होतो. आज संख्याशास्त्राच्या पुस्तकांत या दोन चुकांचे विवेचन स्वतंत्रपणे असते. पण त्यांची जाणीव फार जुनी आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात 'रूपदर्शक' नावाचा अधिकारी येतो. नाणी तपासणे हे त्याचे काम. ग्रंथाच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद असले, तरी त्यातला एक नियम मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. रूपदर्शकाने चांगल्या नाण्याला दोष दिला तर त्याला बारा पण दंड, आणि वाईट नाणे चालू दिले तरीही बारा पणच दंड. दोन्ही चुकांना सारखी शिक्षा! यामागचा विचार सरळ आहे. दंड फक्त खोटे नाणे सुटल्याबद्दल असता, तर परीक्षकाने संशय येईल ते प्रत्येक नाणे नाकारून स्वतःला सुरक्षित केले असते. आणि दंड फक्त खरे नाणे नाकारल्याबद्दल असता, तर त्याने डोळे मिटून सर्व काही चालू दिले असते.

अथेन्स शहराच्या जुन्या बाजारपेठेत १९७० मध्ये एक शिलालेख सापडला. त्यावर इ. स. पूर्व ३७५-३७४ मधला, निकोफोन नावाच्या नागरिकाने मांडलेला कायदा कोरलेला आहे. बाजारात सराफांच्या मेजांजवळ एक परीक्षक बसेल आणि पिरेयस बंदरात दुसरा बसेल, असे त्यात ठरवले आहे. नाण्याच्या आत तांबे किंवा शिसे निघाले, तर परीक्षकाने ते तिथल्या तिथे आडवे कापून टाकायचे, म्हणजे ते दुसऱ्या दुकानात पुन्हा खपवता येणार नाही. पण परीक्षकाने पसंत केलेले नाणे जो विक्रेता घेणार नाही, त्याचा त्या दिवशीचा विक्रीचा माल जप्त करायचा! म्हणजे दुकानदाराला फसवणुकीपासून संरक्षण होते आणि गिऱ्हाइकाला खोट्या संशयापासून. हा परीक्षक मात्र नगराच्या मालकीचा गुलाम असे, आणि त्याने नियमाप्रमाणे काम केले नाही तर त्याला चाबकाचे पन्नास फटके बसत. परीक्षेची जबाबदारी सर्वांत दुबळ्या माणसावर टाकण्याची रीतही अशी जुनीच आहे.

दगड, आम्ल आणि आवाज

आता परीक्षेची साधने पाहू. कसोटीचा दगड म्हणजे बारीक कणांचा, काळा, कठीण दगड. त्यावर सोने घासले की रेघ उमटते. ठाऊक असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ शेजारी ओढून दोन्हींचे रंग ताडून पाहतात. पुढे यात नत्राम्लाची भर पडली. नत्राम्लात तांबे आणि चांदी विरघळते, सोने विरघळत नाही. म्हणून भेसळीची रेघ आम्लाच्या थेंबाखाली फिकी पडते किंवा नाहीशी होते. परंतु ही परीक्षा पृष्ठभागाचीच आहे. तांब्याच्या चकतीवर जाड मुलामा असेल तर कसोटी फसते. म्हणूनच सराफ संशयित नाण्यावर छोटा ठसा किंवा छेद मारून आतली धातू पाहत. अनेक जुन्या रुपयांवर अशा सराफी खुणा आजही दिसतात.

नाण्याला इजा न करता आतली धातू ओळखायची तर घनता उपयोगी पडते. एका घन सेंटिमीटर चांदीचे वजन सुमारे १०.५ ग्रॅम, तांब्याचे सुमारे ९ ग्रॅम, शिशाचे ११.३ ग्रॅम, तर कथलाचे ७.३ ग्रॅम असते. तांब्यावर चांदी चढवून खऱ्या रुपयाच्याच आकाराचे नाणे केले तर ते हलके भरते. वजन जुळवले तर ते जाड होते. वजन आणि आकार दोन्ही एकाच वेळी जुळवणे अवघड असते. हेच तत्त्व वापरून एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील दुकानदार सोन्याच्या नाण्यांसाठी एक छोटी तराजूवजा डोलपट्टी ठेवत. नाणे खाचेत बसले पाहिजे, फटीतून गेले पाहिजे आणि दांडी झुकली पाहिजे. तीन परीक्षा एकाच हालचालीत उरकत.

आपल्याकडची सर्वांत जलद परीक्षा होती ती आवाजाची. रुपया दगडावर टाकला की चांदीचा असेल तर स्वच्छ आणि लांबणारा नाद येतो. शिशाचा असेल तर 'बद्द' असा आवाज येऊन तिथेच विरतो. आघाताने नाणे एखाद्या झांजेसारखे कंप पावते. त्या कंपनांची ऊर्जा किती वेगाने उष्णतेत बदलते, हे धातूच्या अंतर्गत घर्षणावर अवलंबून असते. शिशासारख्या मऊ धातूत ही ऊर्जा लवकर नष्ट होते. नाण्यात चीर असेल किंवा मुलामा आतल्या धातूला नीट चिकटलेला नसेल, तरी नाद बिघडतो. दुकानातल्या पोऱ्याला हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण त्याच्या कानाला ते येत होते.

पेशवाईत अंकुशी, चांदवडी असे अनेक रुपये चालत आणि त्यांतली चांदी सारखी नसे. म्हणून प्रश्न केवळ खरे-खोटे ठरवण्याचा नव्हता. नाणे किती खरे आहे, हेही ठरवावे लागे. सरकारी खजिन्यात हे काम पोतदाराचे. चांदी कमी त्या प्रमाणात किंमत कमी, आणि ही घट म्हणजे बट्टा. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम वजनाचा आणि बारा भागांत अकरा भाग चांदी असलेला एकसारखा रुपया सुरू केला. त्यानंतर बट्ट्याचा व्यवहार हळूहळू मागे पडला. शब्द मात्र टिकून राहिला.

कडेवरच्या रेघा

इंग्लंडमध्ये सतराव्या शतकात वेगळीच लबाडी चाले. हातोड्याने ठोकलेली नाणी वेडीवाकडी असत. त्यांची कड कातरून चांदी काढून घ्यायची आणि उरलेले नाणे पूर्ण किमतीला दुकानात खपवायचे. १६९५ च्या सुमारास चलनातल्या अशा जुन्या चांदीच्या नाण्यांचे वजन मूळच्या निम्म्याच्या आसपास आले होते. यंत्राने पाडलेली, कडेवर रेघा किंवा अक्षरे असलेली नाणी १६६२ पासून निघत होती, परंतु लोक चांगली नाणी साठवत आणि कातरलेली पुढे ढकलत. अखेर १६९६ मध्ये सर्व जुनी चांदीची नाणी वितळवून नवी पाडण्याचे काम सुरू झाले. त्याच वर्षी आयझॅक न्यूटन टांकसाळीत अधिकारी म्हणून आला आणि या कामात त्याने स्वतः लक्ष घातले. जुनी नाणी मुदतीत जमा करणे ज्यांना साधले नाही, त्या गोरगरिबांना मात्र तोटा सोसावा लागला.

कडेवरच्या रेघांचे महत्त्व असे की परीक्षा तज्ज्ञाच्या हातून सुटून नाण्यातच आली. कातरलेली कड कोणालाही नुसत्या नजरेने दिसू लागली. वजनकाटा नको, आम्ल नको, आणि समोरच्यावर संशय घेतल्याचे दाखवायलाही नको.

कागदाचे चलन

१७९७ मध्ये युद्धाच्या ताणामुळे बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवले आणि एक व दोन पौंडांच्या नोटा काढल्या. त्यापूर्वी नोटा मोठ्या रकमांच्या असत आणि त्या श्रीमंतांच्या हाती फिरत. आता त्या वाचता न येणाऱ्या माणसांच्याही हाती आल्या. त्यांची छपाई अगदी साधी असल्याने नकला सर्रास होऊ लागल्या. उपाय म्हणून नोट सुधारण्याऐवजी शिक्षेवर भर दिला गेला. १७९७ ते १८२१ या काळात बनावट नोटांच्या गुन्ह्यांसाठी तीनशेहून अधिक माणसांना फाशी देण्यात आली. त्यांत नोटा छापणाऱ्यांपेक्षा त्या दुकानांत खपवणारी गरीब माणसेच अधिक सापडली. जॉर्ज क्रुकशँक या चित्रकाराने १८१९ मध्ये फाशी गेलेल्यांच्या रांगेचे चित्र असलेली एक उपहासात्मक नोटच काढली.

आजच्या नोटेत परीक्षा पुन्हा नोटेतच भरलेली असते. जलचिन्ह उजेडात दिसते, सुरक्षा धागा डोळ्यांना दिसतो, उठावाची छपाई बोटांना लागते. चलनाच्या कागदात कपड्याला चकाकी देणारी रसायने नसतात, म्हणून अतिनील दिव्याखाली साधा कागद निळसर चमकतो आणि नोटेचा कागद चमकत नाही. काही देशांत आयोडीनच्या लेखणीने खूण करतात. साध्या कागदातल्या पिष्टामुळे खूण काळसर होते, नोटेवर ती फिकट राहते. पण अमेरिकेत सर्व नोटा एकाच आकाराच्या असल्याने लबाडांनी लहान किमतीच्या खऱ्या नोटा धुऊन त्यांवर मोठी किंमत छापली. कागद खराच, त्यामुळे लेखणी फसली. एकाच परीक्षेवर विसंबू नये, हा धडा कसोटीच्या दगडानेही दिलाच होता.

हजारांत एक

येथे थोडे गणित करू. समजा, दुकानात दिवसाला हजार नोटा येतात आणि त्यांत एक खोटी आहे. परीक्षा इतकी चांगली आहे की खोटी नोट ती नक्की पकडते आणि खऱ्या नोटांपैकी शंभरात फक्त दोनच चुकून खोट्या ठरवते. तर ९९९ खऱ्या नोटांपैकी सुमारे २० खोट्या ठरतील. म्हणजे अडवलेल्या २१ गिऱ्हाइकांपैकी २० प्रामाणिक! आणि एकविसावाही लबाडच असेल असे नाही. त्याला ती नोट दुसऱ्या कोणीतरी दिलेली असू शकते. म्हणून गल्ल्यावरच्या माणसाने 'तुमची नोट खोटी आहे' असे न म्हणता 'जरा दुसरी नोट देता का?' असे विचारणे, हे सौजन्य तर आहेच, पण गणिताला धरूनही आहे.

यातूनच दुसरी गोष्ट निघते. पुष्कळ वेळा नोटेऐवजी माणसाची परीक्षा होते. कपडे मळके असले की नोट उजेडात धरली जाते आणि उंची कपडेवाल्याची नोट तशीच गल्ल्यात पडते. हे अन्यायाचे तर आहेच, पण लबाडाला सोयीचेही आहे. कारण चांगले कपडे घालणे त्याला मुळीच अवघड नसते. प्रत्येक नोट सारखीच तपासली, तर कोणाचाच अपमान होत नाही.

आणि चूक झालीच तर भार कोणावर? खोटी नोट बँकेत भरली की बँक ती जप्त करते, तिचे पैसे देत नाही. हे नुकसान मालकाचे की पगारी नोकराचे? १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यानुसार, नोकराच्या ताब्यातल्या पैशाचे नुकसान थेट त्याच्या हयगयीमुळे झाले असेल तरच पगारातून कापता येई, आणि त्याआधी त्याचे म्हणणे ऐकावे लागे. खोटी नाणी व नोटा स्वीकारल्यामुळे झालेल्या नुकसानीबद्दल रेल्वेसाठी त्यात स्वतंत्र कलमही होते, पण बाजू मांडण्याची संधी तिथेही द्यावी लागे. व्यवहारात मात्र संध्याकाळी गल्ल्यात कमी पडलेली रक्कम ऐकून न घेताच पगारातून वळती होण्याची भीती लहान दुकानांतल्या नोकराला असतेच. दिवा नाही, यंत्र नाही, वेळ नाही, आणि पारख चुकली तर दंड मात्र आहे, अशी त्याची स्थिती असते.

आवाज पुन्हा एकदा

२०१६ पासून मोबाइलवरून पैसे देण्याची 'यूपीआय' पद्धत आली आणि लबाडीनेही रूप बदलले. गिऱ्हाईक आपल्या मोबाइलवर पैसे दिल्याचे चित्र दाखवते. ते जुने किंवा बनवलेले असू शकते. यावर दुकानात बोलणारी डबी आली. पैसे जमा झाले की ती रक्कम मोठ्याने सांगते. ही परीक्षा चांगली का? कारण पुरावा गिऱ्हाइकाच्या हातून येत नाही. डबीला निरोप पैसे जमा करून घेणाऱ्या यंत्रणेकडून स्वतंत्रपणे मिळतो. ज्याची परीक्षा करायची त्यानेच पुरावा आणायचा असेल, तर ती परीक्षा कच्ची. शिवाय डबी सर्वांसाठी सारखीच बोलते, त्यामुळे कोणाला वाईट वाटत नाही. दुकानदार पुन्हा कानावर विसंबू लागला आहे.

वर्गात

हा विषय वर्गात दोन प्रश्नांनी सुरू करता येईल. पहिला हिशेबाचा. गिऱ्हाइकाने २० रुपयांची वस्तू घेऊन ५०० ची नोट दिली. दुकानदाराने शेजाऱ्याकडून ती मोडून आणली आणि ४८० रुपये परत केले. मागाहून नोट खोटी निघाली आणि शेजाऱ्याला ५०० भरून द्यावे लागले. दुकानदाराचे एकूण नुकसान किती? पुष्कळ विद्यार्थी ९८० म्हणतील. उत्तर आहे ५००, म्हणजे ४८० रोख आणि २० ची वस्तू. कारण शेजाऱ्याला दिलेले ५०० आधी त्याच्याकडूनच आले होते. लबाडाला मोठी नोट देऊन लहान वस्तू का घ्यावीशी वाटते, हेही यातून कळेल.

दुसरा प्रश्न रूपदर्शकाचा. त्याचा एका चुकीचा दंड बारा पण ठेवून दुसऱ्या चुकीचा एकच पण केला, तर तो कसा वागू लागेल? आणि हाच दंड त्याच्याऐवजी, त्याला तराजू न देणाऱ्यावर बसवला तर? उत्तरे विद्यार्थ्यांना शोधू द्यावीत. गृहपाठ म्हणून त्यांनी जवळच्या दुकानात जाऊन गल्ल्यावरच्या काका-मावशींना ते नोट कशी ओळखतात ते विचारावे. त्यांच्या बोटांना जे कळते, ते पुस्तकात मिळणार नाही.