वावडं, कोंडा आणि पूडल

अमरावतीच्या राजापेठेत किंवा अकोल्याच्या गोरक्षण रस्त्यावर कुरळ्या केसांचं माल्टीपू फिरायला निघालं, की बघणारा थांबून विचारतो, "हे कुत्रं कोणत्या जातीचं?" उत्तर बहुधा तयार असतं: हायपोॲलर्जेनिक आहे, केस गळत नाहीत. दम्याच्या मुलाचे आईबाप याच एका शब्दावर विश्वास ठेवून पिल्लू घरी आणतात. म्हणून तो नीट उलगडायला हवा.

आधी माल्टीपूमधला 'पूडल'. जर्मन 'पुडेलहुंड'मधून तो आला. 'पुडेल्न' म्हणजे पाण्यात छपछप करणं. शिकारीत पाण्यात पडलेलं पाखरू उचलून आणणारं हे कुत्रं. फ्रेंच नाव 'कानिश', त्यातही 'कान' म्हणजे बदकाची मादी. आपल्याकडचा शब्द असा कामावरून पडलेला नाही. जुन्या मराठीत कुत्र्याला 'सुणें' म्हणत; संस्कृत 'शुनक'ची ती खूण. वऱ्हाडातून हा शब्द केव्हाच गेला, गोव्याच्या कोंकणीत मात्र रोजच्या बोलण्यात आहे. सुणें नपुंसकलिंगी, वऱ्हाडातलं 'कुत्रं'ही तसंच.

पूडलचा संकर गाजला तो ऑस्ट्रेलियात. हवाईमधल्या एका अंध बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता, पण नवऱ्याला कुत्र्याच्या केसांचा त्रास. ऑस्ट्रेलियातल्या अंधांसाठीच्या संस्थेतले वॉली कॉनरॉन यांनी १९८९च्या सुमारास लॅब्राडोर आणि पूडल यांची पिल्लं काढली. संकराची पिल्लं सांभाळायला कोणी घेईना, तेव्हा त्यांनी 'लॅब्राडूडल' हे नाव दिलं आणि मागणी सुरू झाली. नावानं केलेलं हे काम पुढे थांबलंच नाही. माल्टीज आणि पूडल मिळून माल्टीपू. पण ती जात नव्हे, संकर आहे. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. हायब्रीडचं घरचं बियाणं पुढच्या साली पेरलं तर सारखं उगवत नाही, हे तो जाणतो. माल्टीपूच्या तर एकाच वेताच्या पिल्लांतही कोणाचे केस कुरळे निघतात, कोणाचे गळणारे.

आता 'ॲलर्जी'. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली दोन ग्रीक शब्द जोडून तो घडवला: 'वेगळं' आणि 'कार्य'. आपल्या परिभाषेनं 'अधिहर्षता' दिला. तो रुळला नाही, पण 'हृष्' या धातूचा जुना अर्थ केस ताठ उभे राहणं, हे ध्यानात घेतलं तर तो फेकून देण्यासारखा नाही. मला मात्र सगळ्यांत जवळचा वाटतो तो 'वावडं'. वांग्याचं वावडं असतं, तसं कुत्र्याचंही असू शकतं. आणि 'हायपो' म्हणजे कमी. शून्य नव्हे. विकताना हाच फरक पुसला जातो.

कारण वावडं केसांचं नसतंच. ते असतं कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांचं. धान्याच्या फोलपटाला आणि डोक्यातल्या कोंड्याला मराठीनं एकच नाव दिलं, ते इथे चपखल बसतं: हलकं, उडणारं, कुठेही जाऊन बसणारं. केस न गळणाऱ्या कुत्र्याचा कोंडा कमी पसरेल अशी आशा असते, पण २०११ साली अमेरिकेत घरांतली धूळ तपासली तेव्हा 'हायपोॲलर्जेनिक' म्हटल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या आणि इतर कुत्र्यांच्या घरांत प्रथिनाच्या प्रमाणात फरक आढळला नाही. म्हणून पिल्लू आणण्याआधी ज्याला त्रास आहे त्यानं त्याच पिल्लाजवळ बराच वेळ, पुन्हा पुन्हा बसून पाहावं. जाहिरातीतल्या शब्दावर मुलाचा श्वास सोपवू नये.

न गळणारे केस वाढतच राहतात. रोज विंचरले नाहीत तर त्यांच्या जटा होतात आणि आतली कातडी सोलवटते. मग भादरावं लागतं. 'भादरणं' आलं 'भद्र'वरून. मंगल प्रसंगीच्या मुंडनाला संस्कृतात 'भद्राकरण' म्हणत. अकोल्याच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा केस आखूड जरूर करावेत. पण कातडी उघडी पडेल इतके नकोत. बोटभर लव राहू द्यावी, नाहीतर ऊन थेट अंगाला भाजतं.